मदत हवी आहे: शर्यतीच्या फिलीचा (तरुण घोडीचा) पीसीव्ही ४८, सीके वाढलेला, तयार म्हणायची का?

फर्लांग: महालक्ष्मी रेसकोर्सला चार वर्षांची फिली आहे, १४०० मीटर पळते. गॅलपनंतर (भरधाव दौडीनंतर) दोन तासांनी रक्त घेतलं: पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ४८ टक्के, सीके ७२०, एएसटी ५१० (दोन्ही स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स). मालक म्हणतात, रक्त भरपूर आहे, घोडी तयार. पण शेवटच्या २०० मीटरला ती जोर सोडून देते आणि कामानंतर मागचे पाय आखडून टाकते. लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत बनणारा पदार्थ), बायोप्सी (स्नायूचा तुकडा काढून तपासणी), जनुकीय चाचणी यांपैकी काय करावं?

अश्ववैद्य: या ४८ वरून तयारी ठरवू नका. घोड्याच्या लाल पेशींचा मोठा साठा प्लीहेत असतो. घोडा बिथरला किंवा पळाला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात येतो. शर्यतीत पीसीव्ही ६० च्या पुढे जातो. त्यात मुंबईचा घाम. पीसीव्हीबरोबर टोटल प्रोटीनही वाढलं असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. खरा आकडा हवा तर सकाळी कामाआधी, ठाणावरच, नेहमीच्या सईसाने धरलेलं असताना रक्त घ्या. सुई दोनदा टोचावी लागली तर तसं लिहून ठेवा.

मला काळजी स्नायूंची वाटते. सीके कामानंतर चार ते सहा तासांनी शिखर गाठतो आणि लवकर उतरतो. एएसटी साधारण २४ तासांनी चढतो आणि कित्येक दिवस वर राहतो. म्हणजे दोन तासांच्या नमुन्यातला सीके अर्धवट आहे आणि ५१० एएसटी बहुधा आधीच्या कामाचा. एएसटी यकृतातूनही येतो, म्हणून जीजीटी (यकृताचं एन्झाइम) जोडून बघा. आता असं करा: आधी रक्त, मग १५ मिनिटं हलका ट्रॉट (दुडकी चाल), चार ते सहा तासांनी पुन्हा रक्त. सीके तिपटीहून वाढला तर टायिंग-अप (कामानंतर स्नायू आखडून त्यांना इजा होणं) धरून चाला. मग ओट कमी करून ऊर्जा तेलातून द्या आणि घोडी एक दिवसही नुसती उभी ठेवू नका. लघवी कॉफीच्या रंगाची दिसली तर मात्र चालवूही नका, लगेच डॉक्टर बोलवा.

फर्लांग: धन्यवाद डॉक्टर. लॅक्टेट मग शर्यतीनंतर घेऊ का?

ट्रॅकवर्क: शर्यतीनंतर तो २० ते ३० मिलिमोलपर्यंत जातोच, त्या एका आकड्यावरून फारसं काही कळत नाही. तीन-चार टप्प्यांत वेग वाढवत न्या, प्रत्येक टप्प्यानंतर लगेच रक्त घ्या आणि ४ मिलिमोल कोणत्या वेगाला येतो ते काढा. काही आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर परत तेच. तो वेग वाढला तर दमसास वाढतोय. नळी फ्लोराइडची, राखाडी झाकणाची, आणि बर्फात. साध्या नळीत लाल पेशी लॅक्टेट बनवतच राहतात, या उकाड्यात तर झपाट्याने. हातातल्या मीटरचे आणि लॅबचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

अश्ववैद्य: बायोप्सी आत्ता नको. पुठ्ठ्याच्या (मागच्या मांसल भागाच्या) स्नायूत खोलीनुसार तंतूंचं प्रमाण बदलतं, शिवाय भुलीचं औषध द्यावं लागतं. शर्यत जवळ असेल तर डोप चाचणीत अडकाल. जनुकीय चाचणी, म्हणजे मायोस्टॅटिन या स्नायूंच्या जनुकाची, अंतराबद्दल सांगते: सी-सी प्रकार कमी अंतराला, टी-टी लांब पल्ल्याला, सी-टी मधलं. आजच्या तब्येतीबद्दल काहीच नाही. त्यापेक्षा पुढच्या जोरदार गॅलपनंतर ३० ते ९० मिनिटांत एंडोस्कोपी (नाकातून श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी) करा. फुप्फुसातून रक्त येत असेल तर शेवटी सोडण्याचं कारण तेही असू शकतं, आणि ते या रिपोर्टमध्ये दिसणार नाही.