हीथ्रो–स्खिपोल: अंतर आणि वेळ

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळापर्यंत ३७० किमीच अंतर, मग विमानाला सव्वा तास कसा, असा प्रश्न पडतो. अहो, तो वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण तास. स्खिपोलला पोल्डरबान धावपट्टीवर उतरलात की टर्मिनल गाठेपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं जातात. विमान चक्क ए-५ महामार्गावरच्या पुलावरून रांगत जातं, खाली गाड्या! उलट दिशेने आलात तर गर्दीच्या वेळी हीथ्रोआधी लॅम्बर्नवर, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत विमानं थोपवतात त्या ठिकाणी, घिरट्या ठरलेल्या. आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, ॲमस्टरडॅम लंडनच्या एक तास पुढे. त्यामुळे जाताना सव्वादोन तास दिसतात, येताना पंधरा-वीस मिनिटं. पुढचं विमान पकडायचं असेल तर आधी हे गणित नीट मांडा. नुसतं शहरात जायचं असेल तर मी युरोस्टार रेल्वेच घेईन, साधारण चार तास.