मदत हवी आहे : बडोद्याजवळच्या पादरा गावी बीकॉम घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. लेकीची बारावी कॉमर्स झाली. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सयाजीगंजातल्या मुख्य फॅकल्टीत जागा मिळेलसं दिसत नाही; पादऱ्याच्या एम. के. अमीन कॉलेजात मिळू शकते. ते युनिव्हर्सिटीचंच, म्हणजे पदवी तीच. पण रोज पंधरा-वीस किलोमीटर जायचं आणि तितकंच परत, शिवाय युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी राहणार शहरात. तिची आजी तर म्हणते, "पादरा भाजीसाठी ठीक!" मला मात्र लहान वर्ग बरा वाटतो, पोर बुजरी आहे.

तिथे कुणाची मुलं शिकली आहेत का? सकाळच्या बसची सोय कशी आहे? दुसऱ्या वर्षी मुख्य कॅम्पसला बदली खरंच मिळते का? अनुभव असेल तरच सांगा, ऐकीव खूप झालं.