क्रम्बचा हात घडला शुभेच्छापत्रांवर

अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बची कारकीर्द 'झॅप कॉमिक्स' या त्याच्या चित्रकथांच्या अंकांपासून सुरू झाली, असं म्हणतात. त्यात थोडी भर घालतो. त्याच्या कितीतरी आधी, १९६२ पासून, तो क्लीव्हलँडला 'अमेरिकन ग्रीटिंग्ज'मध्ये शुभेच्छापत्रांचं काम करत होता. गोंडस, गोलमटोल चेहऱ्यांचा सराव तिथलाच. पुढे त्याच गोड रेषेत त्याने वासना आणि भीती मांडली, म्हणून ती इतकी अंगावर येते. (स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांच्या चित्रणावर झालेली टीका मला पटते, ती टाळून त्याच्याबद्दल बोलता येणार नाही.)

'झॅप'चा पहिला अंक १९६८चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीतून विकलेला. त्याच वर्षी त्याने काढलेलं 'चीप थ्रिल्स' या रॉक अल्बमचं कव्हर मुळात मागच्या बाजूसाठी होतं. अल्बमची गायिका जॅनिस जॉप्लिनला आवडलं म्हणून ते पुढे आलं.

पण रेषा बघायची तर २००९चं 'जेनेसिस', म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाची त्याने केलेली चित्रकथा, घ्या. दाढ्या, कपड्यांच्या चुण्या, कातळ, सगळीकडे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा, सावलीत दाट आणि उजेडाकडे विरळ होत जाणाऱ्या. आणि विनोद जवळजवळ नाहीच. मूळ मजकूर त्याने सरळ, प्रामाणिकपणे चितारलाय.