फिल्म स्कॅनिंग सॉफ्टवेअरचे सशुल्क अपग्रेड: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

निगेटिव्हपेटी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे केवळ ३५ मिमी फिल्मसाठी बनवलेला एक जुना स्कॅनर असून तो अजूनही ठणठणीत आहे. उत्पादकाने त्याचे मूळ सॉफ्टवेअर केव्हाच वाऱ्यावर सोडल्यामुळे मी दुसऱ्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर पूर्ण किंमत मोजून घेतले होते. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर त्या सॉफ्टवेअरला स्कॅनर दिसेनासा झाला. कंपनीकडे विचारणा केली असता, माझ्या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे आणि अपग्रेड विकत घ्यावे, एवढेच उत्तर मिळाले.

नाइलाजाने अपग्रेड घेतले. स्कॅनर दिसू लागला खरा, परंतु जुन्या सेटिंगच्या फाइली नव्या आवृत्तीत उघडत नाहीत, आणि इन्फ्रारेडच्या साहाय्याने धूळ व ओरखडे काढण्याची सोय, जी मला आधी मिळत होती, ती आता वरच्या श्रेणीच्या परवान्यात गेली आहे. त्याहून त्रासदायक म्हणजे रंग बदलले. एकाच पट्टीवरील एकच चित्र दोन्ही आवृत्त्यांत स्कॅन करून शेजारी ठेवले, तर नव्या स्कॅनमध्ये चेहऱ्याच्या सावलीकडील बाजूस हिरवट झाक दिसते आणि पांढरा सदरा निळसर होतो. निम्मा संग्रह जुन्या रंगांत स्कॅन झालेला असताना उरलेला निम्मा वेगळ्या रंगांत कसा करायचा? हे अपग्रेड म्हणजे सुधारणा आहे की आपल्याच वस्तूचे भाडे, हे मला कळेनासे झाले आहे.

चंदेरीकण

रंगांच्या बाबतीत उपाय आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. रंगीत निगेटिव्हच्या पायाला, म्हणजे चित्राखालच्या पारदर्शक पट्टीला, नारिंगी छटा असते आणि सॉफ्टवेअर ती वजा करून चित्राचे रंग उलटे करते, म्हणजे निगेटिव्हचे पॉझिटिव्ह करते. ही छटा किती वजा करायची, हे बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप ठरवतात आणि त्यासाठी निवडलेल्या चौकटीतील सर्वांत उजळ व सर्वांत गडद भागांचा आधार घेतात. चौकटीत फिल्मच्या कडेची कोरी पट्टी किंवा छिद्रांमधून येणारा प्रकाश जराही शिरला की सगळा हिशेब बिघडतो आणि त्याच रोलवरील दोन चित्रे दोन तऱ्हांची दिसू लागतात. आवृत्ती बदलताना कंपनीने या आपोआप निवडीची पद्धत बदलली असावी, असा माझा कयास आहे.

आपण पुढीलप्रमाणे करून पाहावे. रोलच्या सुरुवातीचा, प्रकाश न लागलेला पण डेव्हलप झालेला कोरा तुकडा स्कॅनरमध्ये घालावा, त्यावर एक्स्पोजर आणि पायाचा रंग मोजून घ्यावा, ती दोन्ही मूल्ये लॉक करावीत आणि मगच संपूर्ण रोल स्कॅन करावा. यामुळे जुने रंग तंतोतंत परत येतील असे नाही. मात्र एका रोलमध्ये सुसंगती राहील आणि उरलेला फरक एकाच दुरुस्तीने सर्व चित्रांना लावता येईल. सॉफ्टवेअरचे तयार फिल्म प्रोफाइल (ठरावीक फिल्मसाठी आधीच ठरवलेली रंगांची सेटिंग) मात्र मी कटाक्षाने बंद ठेवतो. त्यांच्यामुळे काम सोपे होण्याऐवजी गोंधळच वाढतो, असे माझे मत आहे.

कोडकारागीर

मी प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दर मोठ्या बदलात कोणते ना कोणते जुने दार बंद होते. २०१९ साली ॲपलच्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीने ३२ बिटी, म्हणजे जुन्या रचनेचे, प्रोग्रॅम चालवणे बंद केले, तेव्हा स्कॅनिंगची कितीतरी जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत निरुपयोगी झाली. शेकडो स्कॅनर, त्यातले बरेचसे उत्पादन थांबलेले, आणि प्रत्येकाशी बोलण्याची रीत वेगळी, हे सर्व चालते ठेवणे म्हणजे काम आहेच आणि त्याचे पैसे मागण्यात गैर काही नाही.

तथापि आपल्या तक्रारीतील एक मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. स्कॅनर चालू ठेवण्याचे शुल्क घ्यावे, पण आधी दिलेली सोय काढून घेऊन ती वरच्या श्रेणीत विकणे हा निव्वळ दुकानदारीचा डाव आहे. परवाना एकाच स्कॅनर मॉडेलशी बांधणे हाही त्यातलाच प्रकार. स्कॅनर बिघडून दुसरा घेतला की परवानाही पुन्हा विकत घ्यायचा. यापुढे पैसे देण्यापूर्वी चाचणी आवृत्ती उतरवून, स्वतःच्या स्कॅनरवर, इन्फ्रारेडसह एक पूर्ण स्कॅन करून पाहावा. चित्रावर खूण उमटते, पण स्कॅनर नीट चालतो की नाही एवढे त्यावरून समजते.

जुनीपेटी

माझा सल्ला थोडा वेगळा आहे: स्कॅन करणे आणि रंग ठरवणे या दोन कामांची फारकत करावी. सॉफ्टवेअरला केवळ कच्ची फाइल करण्यापुरते वापरावे, म्हणजे चित्र उलटे न करता, प्रत्येक रंगाला १६ बिट आणि लाल, हिरवा, निळा या तीन रंगवाहिन्यांसोबत चौथी इन्फ्रारेड वाहिनी (चॅनेल). ४००० पीपीआयला (इंचाला ४००० पिक्सेल) ३५ मिमीच्या एका चित्राची तीन वाहिन्यांची फाइल सुमारे १३० एमबी आणि इन्फ्रारेडसह सुमारे १७० एमबी होते. जागा बरीच लागते. पण पुढे कोणत्याही कंपनीने काहीही बदलले तरी निगेटिव्ह पुन्हा स्कॅनरमध्ये घालावी लागत नाही. उलटे करण्याचे काम डार्कटेबल या फोटो संपादनाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधील निगाडॉक्टर या मॉड्यूलने उत्तम होते. कृष्णधवल चांदीच्या फिल्मवर मात्र इन्फ्रारेडचा उपयोग नाही, कारण चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजते. तेव्हा संग्रह मुख्यतः कृष्णधवल असेल तर त्या सोयीसाठी वरची श्रेणी घेऊच नये.

स्कॅनर यूएसबीचा असल्यास लिनक्सवरील सेन (SANE) हा स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुक्त प्रकल्पही तपासावा. बऱ्याच जुन्या फिल्म स्कॅनरांना तो ओळखतो. फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचा असल्यास जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ स्कॅनिंगसाठी ठेवणे श्रेयस्कर, कारण आभासी मशीनमधून (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या जुन्या संगणकातून) फायरवायर सहसा साधत नाही.

निगेटिव्हपेटी

सर्वांचे आभार. स्कॅनर यूएसबीचाच आहे. कोऱ्या तुकड्यावर मूल्ये लॉक केल्यावर हिरवट झाक बरीच कमी झाली, निळसरपणा थोडा उरला आहे. एक शंका राहते: कच्च्या फाइलमधील इन्फ्रारेड वाहिनी वापरून नंतर धूळ काढायची असेल, तर त्यासाठी पुन्हा वरच्या श्रेणीचा परवाना लागतोच का?

जुनीपेटी

त्याच सॉफ्टवेअरमध्ये काढायची असेल तर बहुधा लागेल. एरवी चौथी वाहिनी हा साधा करड्या छटांचा थर असतो. धूळ व ओरखडे त्यात गडद दिसतात. गिंप या चित्र संपादनाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्याचा मास्क (निवडीचा आराखडा) करून तेवढाच भाग आजूबाजूच्या रंगांनी भरता येतो. वेळ जातो, म्हणून मी निवडक चित्रांपुरतेच हे करतो आणि बाकीची स्कॅन करण्यापूर्वी ब्लोअरने नीट झटकून घेतो.