पालकांचा गट: किती जण, किती बैठका?

प्रश्न (तासगाव): दहावी-बारावीच्या मुलांचं टेन्शन बघून पालकांचाच समुपदेशन गट सुरू करतोय. बसवायचा कसा?

उत्तर १: ८-१० पालक, दीड तास, आठवड्याला एक अशा ८ बैठका. द्राक्षछाटणीच्या दिवसांत रात्री आठनंतरच. भावकीतले एका गटात नकोत. घरातलं पारावर जाईल या धास्तीनं कुणी बोलत नाही.

उत्तर २: व्याख्यान टाळा, नाहीतर तिसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या. जोड्या लावा: एक पालक मूल होऊन बोलेल, दुसऱ्यानं दोन मिनिटं मध्ये तोंड घालायचं नाही. चाळीस सेकंदांत "अरे पण" येतंच! तिथंच थांबवून पुन्हा करून घ्या.

उत्तर ३: मूल जिवाचं बरंवाईट करायचं बोललं, तर बैठकीची वाट बघू नका. फवारणीची औषधं कुलपात, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास, मराठीतही.