मारिनुसला बोलतं करावं, की गप्पच राहू द्यावं?

खडकीकर (धागाकर्ता)

एक दीर्घकथा लिहितोय, निम्म्याच्या पुढे गेली आहे. दोन मित्रांना खर्डा वाचायला दिला आणि दोघांचंही एकाच जागी माझ्याशी वाजलं. म्हणून इथे टाकतो.

नायक काल्पनिक, पण आजूबाजूचं घडलेलं. मारिनुस, जन्म 1925, नेदरलंड्सच्या झेलंड प्रांतातल्या स्खाउवेन-डाउवेलंड बेटावरच्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. 1944 च्या सुरुवातीला जर्मनांनी हे बेट मुद्दाम पाण्याखाली घातलं आणि बहुतेक माणसं हलवली. मागे राहिलेल्यांत मारिनुस आणि त्याचा बाप. त्याच वर्षी 10 डिसेंबरला रेनेस गावात जर्मनांनी दहा जणांना फाशी दिलं आणि इतरांना जरब बसावी म्हणून प्रेतं तशीच लटकत ठेवली. मारिनुसने ती पाहिली आहेत.

1946 ला सक्तीच्या लष्करभरतीत त्याचा नंबर लागतो. डच सैन्याची 7 डिसेंबर डिव्हिजन, पश्चिम जावा. 17 ऑगस्ट 1945 ला सुकर्णो आणि हट्टा या पुढाऱ्यांनी इंडोनेशियाचं, म्हणजे डचांच्या वसाहतीचं, स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं होतं, ते मोडून काढायला ही पोरं निघाली होती. मारिनुस परततो तेव्हा 1950 उजाडलेलं असतं. 31 जानेवारी 1953 च्या रात्री समुद्राचे बांध फुटतात, देशात 1836 माणसं जातात, त्यात त्याचा बाप. सत्ताविशीत तो घरचा कर्ता होतो. खारवलेल्या जमिनीत जिप्सम टाकून ती पुन्हा पिकती करतो, धाकट्यांची लग्नं लावतो, रोज जेवण झालं की टेबलाच्या टोकाला बसून घराला बायबल वाचून दाखवतो. जावाबद्दल मरेपर्यंत चकार शब्द काढत नाही.

मित्र म्हणतात, शेवटी नातवापाशी तरी त्याने तोंड उघडलंच पाहिजे, नाहीतर तू त्याला मोकळा सोडलास. मी म्हणतो, नाही. त्याचं कर्तेपण त्या गप्प राहण्यावरच उभं आहे. तुमचं मत?

अ‍ॅमस्टेलवीनकर

खडकीकरांच्या बाजूने. इथे राहून एवढं कळलं आहे की त्या पिढीतल्या बहुतेकांनी घरी काही सांगितलंच नाही. जो बोलला त्याचं काय झालं बघा. योप हुटिंग नावाचा माजी सैनिक, पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला, जानेवारी 1969 मध्ये टीव्हीवर सांगून बसला की आम्ही जावात युद्धगुन्हे केले, मीही त्यात होतो. वीस वर्षं उलटून गेली होती, तरी इतक्या धमक्या आल्या की त्याला घर सोडून लपावं लागलं. धमक्या देणाऱ्यांत त्याच्याबरोबर लढलेलेच पुष्कळ. सरकारने घाईघाईने अहवाल काढला: काही ठिकाणी अतिरेक झाले, पण एकूण सैन्य नीट वागलं. मारिनुस तेव्हा चव्वेचाळीसचा असेल, पोरं मोठी झालेली. त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे? टीव्ही बंद करावा आणि गोठ्यात जावं, एवढंच तो करेल.

शिवाय हा स्वखुशीने गेलेला नाही. घटनेप्रमाणे सक्तीच्या भरतीतल्या सैनिकाला त्याच्या संमतीविना समुद्रापार पाठवता येत नव्हतं. जहाजं 1946 च्या सप्टेंबरात सुटली आणि घटनेतली दुरुस्ती मागाहून झाली! फसवलेल्या पोरांवर आपण इथे खुर्चीत बसून खटला चालवायचा का?

सडेतोड

खुर्चीत बसूनच सगळे खटले चालतात हो.

‘सक्तीने नेलं’ हे अर्धं खरं. हजारो पोरं जहाजावर चढलीच नाहीत. कितीएक तुरुंगात गेले, काही जण वर्षानुवर्षं. पॉन्के प्रिन्सेन तर 1948 मध्ये सैन्य सोडून सरळ इंडोनेशियाच्या बाजूला गेला आणि जन्मभर तिथेच राहिला. म्हणजे वाट होती, महाग होती. मारिनुसने स्वस्त वाट घेतली, हे कथेत कुठेतरी दिसायला नको?

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट खडकीकरांनी दोन ओळींत उरकली आहे. ज्याने रेनेसची प्रेतं पाहिली तोच दोन वर्षांत दुसऱ्याच्या गावात बंदूक घेऊन शिरतो. 9 डिसेंबर 1947 ला पश्चिम जावात रावागेडे गावी डच सैनिकांनी एका बंडखोर म्होरक्याच्या शोधात गाव घेरलं. तो सापडला नाही, तेव्हा गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. गावकरी मृतांचा आकडा 431 सांगतात, डचांनी तेव्हा दीडशे म्हटलं होतं. हा 7 डिसेंबर डिव्हिजनचाच मुलूख. तुमचा नायक तिथे होता की नव्हता? लेखकाला हे माहीत नसेल तर ती कथा नव्हे, कौटुंबिक स्मरणिका.

खडकीकर

@सडेतोड, तो रावागेडेत नव्हता. शेजारच्या तुकडीत होता आणि चार दिवसांत त्याला सगळं कळलं. मुद्दाम असंच ठेवलं आहे. प्रत्यक्ष गोळी झाडली असती तर वाचक त्याला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. ऐकून गप्प बसणारे मात्र प्रत्येक सैन्यात जास्त असतात, आणि पुढे घरंही तेच चालवतात.

टवाळ

बायबल वाचतो म्हणालात. हात जोडून विनंती, काईन आणि आबेलचा, भावाने भावाला मारल्याचा, अध्याय वाचायला लावू नका. रडवेली पार्श्वसंगीतं आपल्या मालिकांत पुरेशी आहेत.

रेवती

तुम्ही सगळे मारिनुसच्या तोंडाकडे डोळे लावून बसलात. त्या टेबलावर आणखी कोण होतं ते बघा.

बायको आहे ना या कथेत? ‘घरचा कर्ता’ हे काही नुसतं मानाचं पान नव्हतं. नेदरलंड्समध्ये लग्न झालेल्या बाईला कायद्याने अज्ञान मुलासारखं धरत. नवऱ्याच्या संमतीविना करार नाही, बँकेत खातं नाही. कॉरी टेंडलो या खासदारबाईंनी लावून धरलं म्हणून 1956 मध्ये कायदा बदलला आणि जानेवारी 1957 पासून बायका सज्ञान झाल्या. तरी ‘नवरा हा विवाहाचा प्रमुख’ हे कलम 1970 पर्यंत पुस्तकात राहिलंच. म्हणजे 1953 च्या पुरानंतर जमीन ठेवायची की विकून कॅनडाला जायचं (त्या काळात डच शेतकरी कुटुंबं ढिगाने तिकडे गेली), हे ठरवणार एकटा मारिनुस. रात्री झोपेत ओरडून उठणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्या घराची सही.

त्याने बोलावं की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो बोलत नव्हता त्याची किंमत कोण भरत होतं, ते लिहा. त्याच्या बायकोला सगळं माहीत होतं असंच मी धरून चालते. जावाहून आलेली पत्रं आणि फोटो कुठल्या डब्यात आहेत हे घरातल्या बायकांना माहीत नसतं होय?

अ‍ॅमस्टेलवीनकर

@रेवती, हे मात्र पटलं. पण मग ती बोलेल का? तीही चर्चला जाणारी, बेटावर सगळे एकमेकांना ओळखणारे.

रेवती

न बोलू दे. तिने डबा उघडल्याचं वाचकाला दिसू दे. पुढचं वाचक बघून घेईल.

बेळगावकर

विषय परका वाटत असेल तर थोडं जवळचं सांगतो. ऑक्टोबर 1945 मध्ये डच तिथे धड पोचायच्या आधी जावातल्या सुराबाया शहरात उतरली ती ब्रिटिशांची 49 वी इंडियन ब्रिगेड. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं होती, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची. काम काय, तर जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची आणि कैदेतल्या डच बायकापोरांना सोडवायचं. शहर उठलं, 30 ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि 10 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. इंडोनेशियात तो दिवस आजही वीरांचा म्हणून पाळतात. आपलीच माणसं, दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला उभी केलेली, आणि इकडे आपलं स्वातंत्र्य दीड-दोन वर्षांवर आलेलं.

त्यातली बरीच मंडळी परत येऊन गावात पाटीलकी करत बसली. आमच्या भागात लढाईच्या गोष्टी म्हणजे इटली आणि बर्मा. सुराबायाचं नाव मी कुठल्याही पारावर ऐकलेलं नाही. तेव्हा मारिनुस मला तरी पटतो. पण ‘पटतो’ आणि ‘सुटतो’ यात मला फरक करायचा आहे.

सडेतोड

@बेळगावकर, तुलना जरा जपून. मराठा पलटणीतल्या जवानाचं स्वतःचं राज्यच नव्हतं, हुकूम इंग्रजाचा. मारिनुसच्या देशात निवडून आलेलं सरकार होतं आणि जावा परत मिळवायची हाव त्या सरकारची होती, लोकांनी निवडून दिलेल्या माणसांची. स्वतः पाच वर्षं जर्मनांच्या टाचेखाली काढलेला देश सुटल्याबरोबर हे करतो. माझा राग मारिनुसपेक्षा त्या विसराळूपणावर आहे. तुमच्या कथेत तो विसराळूपणाच ‘संयम’ म्हणून विकला जातोय.

बेळगावकर

हुकूम कुणाचा हे सुराबायाच्या माणसाला काय फरक पाडतं?

खडकीकर

चर्चा फाटे फोडतेय पण उपयोगाची आहे. एक सांगतो. मारिनुसच्या डोक्यात जर्मन आणि आपण यांची तुलना येतच नाही असं मी लिहिलेलं नाही. एका प्रसंगात त्यांची तुकडी एका गावात पोचते तेव्हा बायका पोरांना पाठीशी घालून दारात उभ्या असतात. झेलंडात आपली आई अशीच उभी राहायची, हे त्याला आठवतं. तो लगेच दुसरीकडे बघतो आणि चालू लागतो. पुढे पन्नास वर्षं तो हेच करतो. मित्रांना हवा तो कबुलीजबाब इथेच होऊन गेला आहे, फक्त तो मोठ्याने झालेला नाही.

अ‍ॅमस्टेलवीनकर

एक प्रश्न. कथा कुठल्या वर्षी संपते? हे महत्त्वाचं आहे. सप्टेंबर 2011 मध्ये हेगच्या कोर्टाने रावागेडेच्या विधवांच्या बाजूने निकाल दिला, सरकारने माफी मागून प्रत्येकीला 20,000 युरो दिले. 2020 मध्ये राजाने इंडोनेशियात जाऊन माफी मागितली. फेब्रुवारी 2022 मध्ये मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष आला की अतोनात हिंसा ही इकडेतिकडे झालेली चूक नव्हती, ती पद्धतशीर आणि सर्रास होती. त्या दिवशी पंतप्रधान रुटे यांनी इंडोनेशियन लोकांची माफी मागितली आणि त्याच निवेदनात डच माजी सैनिकांचीही, कारण सरकारनेच त्यांना तिथे ढकललं होतं.

मारिनुस 1990 ला मेला तर त्याला फार काही ऐकावं लागत नाही. 2011 ला सहाऐंशीचा होऊन जिवंत असेल तर बातमी टीव्हीवर लागणार आणि खोलीत नातू असणार. ती परीक्षा तुम्ही टाळताय का?

सडेतोड

अगदी हेच! 1990 ला मारणं ही पळवाट आहे.

खडकीकर

सध्या 1994 ला मारला आहे. पण 2011 पर्यंत जगवावा असं आता वाटतंय, आणि त्यात कबुलीजबाब नाहीच. विधवांची बातमी लागते, नातू विचारतो, “ओपा, तुम्ही तिथेच होतात ना?” आणि ओपा म्हणतो, “कॉफी थंड होतेय.” नातवाला तेवढ्यात कळतं.

रेवती

आणि बायको कुठे आहे या प्रसंगात?

खडकीकर

2011 पर्यंत वारलेली.

रेवती

मग डबा नातवाच्या हाती द्या, तिच्या पश्चात. आणि एक फोटो असा ठेवा ज्यात मारिनुस हसतोय. मला त्या माणसाबद्दल दया हवी आहे, पण फुकट नको.

टवाळ

@सडेतोड, दादा, तुम्हाला दोघांतलं काय मान्य, कॉफी की डबा?

सडेतोड

दोन्ही ठेवा, मला चालेल. पण रावागेडेतल्या एका तरी माणसाला कथेत नाव असलं पाहिजे. मारिनुसला नाव, आडनाव, जमीन, नातू, सगळं दिलंत. तिकडे नुसता 431. एक बाई घ्या, जिला नवरा गेल्यावर कुणी विचारलं नाही, पण घर तिनेही चालवलं. कर्तेपण तिचंही होतं, आणि त्यासाठी तिला कुठलाही कायदा बदलून मिळाला नव्हता. एवढं लिहिलंत तर माझा वाद संपला, नाहीतर पुढच्या खर्ड्यावर परत येतो.