अनुभव धागा: तिकीट कसं काढता आणि प्रवासाला गुण कसे देता?

मंडळी, लेक पुण्यात शिकायला आहे. दिवाळीला तिला आणायचं म्हणून परवा कॅलेंडर घेऊन बसलो होतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यात प्रवासाचा दिवस धरायचा नाही. आपल्या सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. उद्यान एक्सप्रेस बंगळूरहून रात्री निघते आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी येते. आपल्याला १० तारखेला बसायचं असलं तरी गाडीची तारीख ९, म्हणजे बुकिंगही एक दिवस आधीच उघडतं. मागच्या वर्षी मी हे विसरलो. सकाळी ८ ला बघतो तर लांबलचक वेटिंग.

वेटिंगचंही तसंच. सिद्धेश्वर आणि हुतात्मा आपल्या स्टेशनातून सुटतात, म्हणून त्यांचं वेटिंग जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण यादीतलं असतं आणि ते भराभर सरकतं. वरून येणाऱ्या गाड्यांना आपल्याला बहुधा पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या कोट्यातलं वेटिंग मिळतं. आकडा लहान दिसतो, पण जागचा हलत नाही.

धागा काढायचं कारण मात्र दुसरंच आहे. गेल्या महिन्यात प्रवास करून आल्यावर मोबाईलवर लिंक आली, प्रवास कसा झाला? मी रिक्षात बसल्या बसल्या सगळीकडे 'उत्तम' दाबलं आणि मोकळा झालो. घरी आल्यावर आठवलं की रात्रभर डब्यातला दिवा लुकलुकत होता, समोरच्या बाईंचं बाळ झोपत नव्हतं. मी खोटं लिहून आलो होतो. तिकिटासाठी ६० दिवस आधीपासून धडपडायचं आणि प्रवास झाल्यावर अर्ध्या मिनिटात काहीतरी दाबायचं, हे मनाला लागलं.

तर लिहा. तिकीट कुठून काढता, काय अडचण येते, गुण दिलेत का, खरे दिलेत का. एकच विनंती. कुठल्या कंपनीचं, एजंटाचं किंवा माणसाचं नाव घेऊन तक्रार नको. काय घडलं ते पुरे.

शेळगी, नोकरी हडपसरला

मी दर दुसऱ्या शुक्रवारी घरी येतो. पुण्याहून संध्याकाळी ६ ची हुतात्मा. ६० दिवस आधी कुणाला ठाऊक असतं सुट्टी मिळेल की नाही? म्हणून तत्काळ. गुरुवारी सकाळी १० ला एसी चेअर कार उघडते, ११ ला टू-एस, म्हणजे साधी बसायची सीट. आमच्या टीमची मीटिंगही बरोबर १० ची. मॅनेजरला सरळ सांगून १५ मिनिटं मागून घेतलीत.

माझी पद्धत सांगतो. प्रवाशांची नावं रेल्वेच्या तिकीट साईटवरच्या आपल्या खात्यात, मास्टर लिस्टमध्ये, आधीच भरून ठेवायची. फार लवकर लॉगिन केलं तर ऐनवेळी बाहेर फेकतं, म्हणून ९.५७ च्या सुमाराला. पैसे यूपीआयने. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं लागतं, तेवढं आधी उरकून घ्या. एका तत्काळ तिकिटावर चारच माणसं. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत येत नाही, तेव्हा सुट्टी पक्की झाल्याशिवाय हात लावू नका.

दोनदा पैसे कापले गेले आणि तिकीट झालं नाही. दोन्ही वेळा तीन-चार दिवसांत परत आले, पण त्या घाईत दुसऱ्यांदा पैसे भरताना पोटात गोळा येतो. गुणांचं म्हणाल तर मी कधीच दिले नाहीत. रात्री १० ला स्टेशनात उतरलं की घराकडे पळायचं असतं.

रेल्वे लाईन, निवृत्त शिक्षक

मी खिडकीवरच जातो. फॉर्म भरतो, पेन स्वतःचं नेतो. मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद आहे. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५० टक्के. ती परत मिळावी असं मनापासून वाटतं. आमच्या वयात गावाला जाणं म्हणजे लग्नं, बारशी आणि दवाखाने. यातलं काही टाळता येत नाही.

एक उपयोगाची गोष्ट. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर लागतो. आम्ही दोघं आणि नातू असं एकाच फॉर्मवर लिहिलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत दिला. "काका, नातवाचं वेगळं काढा, नाहीतर दोघांनाही वर चढावं लागेल." मागे रांग होती, लोक कुरकुरत होते, तरी त्या थांबल्या. मला खालचा बर्थ मिळाला, हिलाही मिळाला. त्या बाईंना गुण द्यायला मोबाईलवर जागा सापडेना. मग मी स्टेशनवर तक्रार-सूचनांची वही मागितली आणि तारीख, वेळ, खिडकीचा नंबर घालून अर्धं पान लिहिलं. वही देणाऱ्याला वाटलं, म्हातारा भांडायला आलाय. वाचल्यावर त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

अशोक चौकाजवळ दुकान, तिकिटं काढून देतो, परवाना आहे

आमची बाजू पण ऐका. तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास आम्हाला तिकीट काढता येत नाही. एसीचं १० ते १०.३०, बाकीचं ११ ते ११.३०. लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम टाळतो.

पण मुद्दा वेगळाच आहे. माझ्याकडे यंत्रमागावरचे कामगार येतात, विडी वळणाऱ्या बायका येतात. तिकिटावर मोबाईल नंबर कुणाचा घालायचा विचारलं की म्हणतात, "तुमचाच घाला की ओ." पहिली दोन वर्षं मी घालत होतो. मग गाडी उशिरा आहे हा मेसेज मला, गाडी रद्द झाली हा मेसेज मला, प्रवास कसा झाला ही लिंकही मला! मी इथं दुकानात बसलेलो आणि गाडीत उभा राहिलेला माणूस वेगळाच. एका मावशींची गाडी रद्द झाली. मेसेज रात्री आला आणि मी सकाळी बघितला. त्या पहाटेपासून पोरांना घेऊन प्लॅटफॉर्मवर बसल्या होत्या. त्या दिवसापासून मी प्रवाशाचा नंबर घेतल्याशिवाय तिकीट काढत नाही. साधा फोन असला तरी मेसेज येतो, लेकाचा नंबर दिला तरी चालतो. दुसऱ्याकडून तिकीट काढून घेत असाल तर छापील कागदावर आधी नंबर बघा. ज्याचा नंबर, त्यालाच विचारणा होते.

धागाकर्ता

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या तिकिटांवर कायम माझा नंबर असतो आणि तिच्या प्रवासाला गुण मी देतो, न विचारता. आजच बदलतो.

विजापूर रोड, औषध कंपनीचा प्रतिनिधी

महिन्यातून आठ-दहा रात्री गाडीत जातात. मला त्या कागदी फॉर्मबद्दल लिहायचंय. एसी डब्यात उतरायच्या अर्धा तास आधी सफाईचा किंवा चादरी देणारा मुलगा फॉर्म घेऊन येतो. नाव, पीएनआर, मोबाईल, सही आणि रकाने. "सर, सगळं चांगलं टाका." कधीकधी खुणा आधीच केलेल्या असतात, आपण फक्त सही करायची.

दोन वर्षांपूर्वी एका रात्रीच्या गाडीत असाच मुलगा आला. विशीतला असेल. रात्रभर त्याला मी बघत होतो. कुणाच्या तरी पोरानं ओकारी केली, रात्री १ ला तो बादली घेऊन आला, फरशी पुसली, पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसली. आणि मला मिळालेल्या ब्लँकेटला मात्र कुबट वास होता, उशीच्या अभ्र्यावर केस होते. फॉर्मवर दोन्हींसाठी एकच सही. सगळं चांगलं लिहिलं तर ब्लँकेट धुणारा ठेकेदार सुटतो. वाईट लिहिलं तर या पोराच्या पगारावर येतं. निदान तो तसं म्हणाला.

मी त्याला शेजारी बसवलं. सफाईच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं, पुढे 'रात्री १ वाजता बोलावल्यावर पाच मिनिटांत आला'. चादर-ब्लँकेटच्या रकान्यात 'असमाधानकारक', पुढे 'ब्लँकेटला वास, अभ्रा वापरलेला', डबा आणि बर्थ नंबर. त्याला वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "असं वेगवेगळं लिहिता येतं होय?" येतं. रकाने वेगळे असतात ते त्यासाठीच. तेव्हापासून मी कोऱ्या किंवा आधीच भरलेल्या फॉर्मवर सही करत नाही. मागितलं तर शांतपणे सांगतो, दुसरा द्या.

अक्कलकोट रोड

डब्यात पाणी संपलं होतं, अजून पाच-सहा तासांचा रस्ता बाकी. बायकामाणसांचे हाल. रेल्वेच्या १३९ हेल्पलाईनला फोन लागला पण आवाज तुटत होता, म्हणून रेल मदत या रेल्वेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकलं: पीएनआर, डब्याचा नंबर, नळाचा फोटो. पुढच्या मोठ्या स्टेशनात पाणी भरलं. नंतर मेसेज आला, तक्रार निकाली निघाली, अभिप्राय द्या. मी 'समाधानकारक' निवडलं, 'उत्तम' नाही. पाणी भरलं हे खरं, पण गाडी सुटतानाच भरलेलं असायला हवं होतं. एक सांगतो, 'गाडीत पाणी नाही' एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या डब्यात, कोणत्या बाजूच्या संडासात, हे लिहिलं की तिकडचा माणूस सरळ तिथंच येतो.

पूर्व भाग

विमानाचं मी लिहिते. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पडली, ९ जून २०२५ ला आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तोवर आमच्यासारख्यांना विमान म्हणजे आधी पुणे किंवा हैदराबाद गाठा.

पहिली अडचण नावाची. आम्ही पद्मशाली. घरात आडनाव आधी, मग नाव. आधारवर एक क्रम, पॅनवर दुसरा, बँकेत फक्त आद्याक्षर. साईटवर पहिलं नाव आणि आडनाव असे दोन चौकोन. आईचं तिकीट काढताना उलटं भरलं गेलं आणि दुरुस्तीसाठी दोन दिवस फोन करत बसले. आता आधार समोर ठेवते आणि अक्षर न् अक्षर तसंच भरते. दुसरी गोष्ट, पैसे भरायच्या पानावर एकदा हळूच वर जाऊन बघा. एका साईटवर न विचारता विमा जोडलेला होता. असं गुपचूप काही टोपलीत टाकायला ३० नोव्हेंबर २०२३ च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई आहे. मी तो काढला, फोटो घेऊन ठेवला आणि तक्रारही केली.

आता गुण. उतरल्यावर मेल येतो: ० ते १०, मित्रांना सुचवाल का? मी ८ द्यायचे. आपल्या शाळेत ८० टक्के म्हणजे पेढे वाटायचे! माझा भाऊ ग्राहक सेवेत आहे. तो म्हणाला, ताई, या प्रश्नाच्या हिशोबात ९ आणि १० म्हणजेच खूष. ७-८ कुठंच धरत नाहीत. ० ते ६ सगळे नाराज. म्हणजे माझे मनापासून दिलेले ८ वाऱ्यावर गेले. आता आवडलं तर ९ देते, नाही आवडलं तर ५, आणि खालच्या चौकोनात दोन ओळी लिहितेच. मागे दुसऱ्या शहरातून येताना विमान रद्द झालं, तेव्हा काउंटरवर फक्त "पुढच्या विमानात बसा" म्हणत होते. दुसरं विमान की पूर्ण पैसे परत, हे आपण निवडायचं असतं. मला ते ठाऊक होतं, पैसे मागितले. शेजारच्या आजोबांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी ० दिला, एअरसेवा या सरकारच्या विमान-तक्रारींच्या साईटवर तक्रार टाकली आणि आजोबांचीही भरून दिली. त्यांच्याच नंबरनं.

बाळे

मी आईला उपचारासाठी मुंबईला नेतो, दर तीन आठवड्यांनी. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन खिडकीवर जायचं. पहिले चार महिने आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, पूर्ण पैसे भरत होतो. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी आजच दवाखान्यात विचारा.

गेल्या खेपेला सिद्धेश्वरला आईला मधला बर्थ आला. औषधानंतर तिला वाकून चढता येत नाही. मी डबाभर विचारत फिरत होतो. कुर्डुवाडी यायच्या आधी टीसी आले, आईकडे बघितलं, माझं बोलणं संपायच्या आत पुढच्या खणात गेले आणि एका कॉलेजच्या मुलाला घेऊन आले. तो मुलगा आधीच बॅग उचलून उभा होता. दादर येईपर्यंत आई पाय पसरून झोपली.

हा धागा वाचून मी काल अभिप्राय लिहायला घेतला. डबा, तारीख, कुर्डुवाडीच्या आधीची वेळ. 'टीसींनी बर्थ बदलून मदत केली' असं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मदत केली काय? तसं कुणीही लिहितं. न बोलावता आले, असं लिही. आणि त्या पोराचंही घाल."